थांबण्याची ताकद

(साखरखेर्डा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संपत्ती मोजक्या हातांत का साठते, या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावले. असा विषय निघाला की वक्ते मुंबईच्या टोलेजंग इमारतींपासून नाहीतर अमेरिकेपासून सुरुवात करतात. साखरखेर्ड्यात उभे राहून तसे करायची गरज नाही. विसाव्या शतकात ज्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले गेले, त्याच्या घराण्याचे नशीब याच गावाच्या शिवारात उघडले.

ऑक्टोबर १७२४. दिल्लीच्या बादशहाने दख्खनचा कारभार मुबारिझखानाकडे सोपवला होता आणि निजाम-उल-मुल्क तो सोडायला तयार नव्हता. दोघांच्या फौजा इथे भिडल्या. मुबारिझखान रणात पडला, निजामाने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा केले आणि आसफजाही घराण्याची सत्ता दख्खनेत पक्की झाली. नाव कागदावर काही काळ चालले; लोकांनी साखरखेर्डा हेच नाव तोंडात ठेवले. सत्ता मात्र सव्वादोनशे वर्षे टिकली. २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचे चित्र छापले, ते जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्याच्या खजिन्यातला जेकब हिरा आणि इतर जडजवाहीर मिळून १७३ नग भारत सरकारने १९९५ मध्ये विकत घेतले, तेव्हा सुमारे २१८ कोटी रुपये मोजावे लागले.

ही संपत्ती आली कुठून? ती मुख्यतः कारखान्यांतून आली नव्हती, सातासमुद्रापारच्या व्यापारातून आली नव्हती. गोवळकोंड्याच्या खाणींचे हिरे लोकांना आठवतात, पण खाणीही वर्षानुवर्षे दौलत पुरवत नाहीत. पुरवते ती वसुली. लढाई जिंकणाऱ्याला जमीन नव्हे, जमिनीतून दरवर्षी वसूल करण्याचा हक्क मिळतो. जमीन कसणारा तोच कुणबी, तोच माळी, तोच महार बलुतेदार. बदलतो तो खळ्यावर येऊन उभा राहणारा माणूस. वऱ्हाडात तर दोन माणसे येत. निजामाचा अंमल होताच, वर नागपूरकर भोसल्यांची चौथ-सरदेशमुखी होती. एकाच खळ्यावर दोन धन्यांची वसुली असे वऱ्हाडाने अनेक वर्षे सोसले. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या अलीकडचा मुलूख पुन्हा एकट्या निजामाकडे गेला.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा बलाढ्य धनी स्वतः कर्जात बुडालेला होता. इंग्रजांनी त्याच्या गळ्यात फौज बांधली होती आणि तिचा खर्च त्याच्याच तिजोरीतून निघायचा. तो भागवायला हैदराबादच्या पामर कंपनीने कर्ज दिले, शेकडा चोवीस-पंचवीस दराने. या दराने, चक्रवाढ धरली तर, मुद्दल तीन-सव्वातीन वर्षांत दुप्पट होते. पामर कंपनी १८२४ मध्ये बुडाली, पण पद्धत बुडाली नाही. पुढे पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाडातल्या परगण्यांची वसुली कर्जापोटी लावून दिली गेली. म्हणजे वऱ्हाडातला शेतसारा मुंबईच्या सावकाराच्या वहीत जमा होऊ लागला. शेवटी १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने फौजेच्या थकलेल्या खर्चाच्या नावाखाली सबंध वऱ्हाडच ताब्यात घेतला. १८६० मध्ये निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड परत मिळाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर.

ही साखळी नीट पाहा. रयत निजामाची देणेकरी, निजाम पेढीचा देणेकरी, पेढी मोडली तर कंपनी सरकार उभे. प्रत्येक जण आपल्यावरचा बोजा खालच्यावर सरकवतो. खाली सरकवायला ज्याच्याकडे कोणी नाही, तो पेरतो. आणि या साखळीत वर कोण, खाली कोण, हे कष्टाने ठरत नव्हते, हुशारीनेही पूर्णपणे ठरत नव्हते. ते एका गोष्टीने ठरत होते: थांबायची ताकद कोणाकडे आहे. पेढी थांबू शकत होती, कारण तिचे व्याज चढत होते. निजाम थांबू शकत नव्हता, कारण फौजेचा पगार तुंबला की तीच फौज त्याच्या दारात येऊन उभी राहायची. आणि रयत तर एक पावसाळाही थांबू शकत नव्हती.

मला आज हेच सांगायचे आहे. आपण श्रीमंती म्हणजे पैसा समजतो, बंगला-गाडी समजतो. माझ्या मते श्रीमंती म्हणजे थांबण्याची ताकद आणि गरिबी म्हणजे घाई. सौद्याला दोघे बसले की ज्याला घाई असते तो कमी घेऊन उठतो. हे एकदा झाले तर त्याचे दुर्दैव म्हणू. दरवर्षी, पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले तर एका बाजूला डोंगर उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडतो. त्यासाठी कोणाला चोरी करावी लागत नाही.

थांबणारा पैसा कसा असतो, याचे निजामाच्याच घरातले उदाहरण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, त्या धांदलीत निजामाच्या सरकारची दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या खात्यावर गेली. निजामाने ती परत मागितली, पाकिस्तानने हक्क सांगितला, भारतानेही सांगितला. बँकेने रक्कम गोठवली. पुढे ७१ वर्षे त्या पैशाला कोणी हात लावला नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल भारत सरकार आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला, तेव्हा तिथे सुमारे साडेतीन कोटी पौंड होते. आपल्या हिशेबात तीनशे कोटी रुपयांहून जास्त.

इंग्लंडमधली या काळातली महागाई धरली तर ही वाढ फार मोठी नाही, जवळपास बरोबरीची आहे. पण मला नेमके तेच दाखवायचे आहे. राज्य गेले, धनी वारला, दोन देशांनी युद्धे केली. त्या पैशाची किंमत मात्र जिथल्या तिथे राहिली. त्याला ऊन लागले नाही, पाऊस लागला नाही, बोंडअळी लागली नाही.

आता या गावच्या सोयाबीनकडे या.

जून लागला की बियाणे, खत, तणनाशक लागते. रोख असेल त्याला एक भाव, उधारीवाल्याला दुसरा. हे दुकानात पाटी लावून कोणी सांगत नाही, पण इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये मळणी यंत्रातून माल निघतो तो ओला. त्याच आठवड्यात दुकानदाराची उधारी, पीककर्जाचा तगादा, मळणीवाल्याचे पैसे, कापणीची मजुरी आणि तोंडावर आलेली दिवाळी. माल घरात ठेवायला जागा नाही, ठेवला तर उंदीर. गाडी भरून बाजार समितीत न्यावी, नाहीतर गावातच खेडा खरेदीवाल्याला घालावी. तिथे ओलावा बघितला जातो, मातेरे धरले जाते, हमाली-तोलाई कापली जाते आणि हातात पट्टी पडते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत सौदे त्याच्या खाली होत होते. त्याच सोयाबीनने २०२१ च्या पावसाळ्यात दहा हजारांच्या आसपास भाव पाहिला होता. पण ऐन पावसाळ्यात कोणाच्या घरात सोयाबीन असते? ज्याने आदल्या दिवाळीला ते विकायची घाई केली नाही त्याच्या.

समजा, एखाद्याकडे २५ क्विंटल माल झाला आणि घाईपायी क्विंटलमागे ५०० रुपये गेले. साडेबारा हजार. ही रक्कम कोणाच्या चुकीने गेली नाही. व्यापाऱ्याने फसवले असेही नाही. व्यापारी थांबू शकतो, शेतकरी थांबू शकत नाही, त्या फरकाची ती किंमत आहे. मी शेतकऱ्यांना विचारतो, दोन-तीन महिने का नाही ठेवत माल? उत्तर एकच येते: “थांबाले कोनाले परवडते, सर?” या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे ते मला अनेक ग्रंथांत सापडले नाही.

हीच गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. आपल्या भागातून आणि जालना-बीडकडून गाड्या निघतात त्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर. उचल म्हणजे आजची गरज भागवायला विकलेला पुढच्या सहा महिन्यांचा घाम. ज्याला पावसाळ्यात पैसे लागतात, त्याला हिवाळ्याचा दर ठरवता येत नाही.

आता देशाचे आकडे पाहू. २०२४ मध्ये नितीन भारती, लुकास शांसेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची या चार अभ्यासकांनी भारतातल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. उत्पन्नाचा हा वाटा इंग्रजांच्या राज्यातल्यापेक्षाही जास्त आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या पद्धतीवर काही अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. आकडा थोडा खाली-वर होईल. दिशेबद्दल फारसा वाद नाही.

उत्पन्नातला वाटा आणि संपत्तीतला वाटा यांत जे अंतर आहे ते लक्षात घ्या. बावीस आणि चाळीस. उत्पन्न म्हणजे यंदा आले ते. संपत्ती म्हणजे थांबू शकले ते. मजुराचे उत्पन्न थांबत नाही. ते किराणा दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फीमध्ये त्याच महिन्यात जाते. वर बसलेल्याचे उत्पन्न खर्चून संपतच नाही, ते शेअरमध्ये, जागेत जाऊन बसते. आणि तिथे त्याला आणखी एक सवलत आहे. शेअरचा भाव दहापट झाला तरी विकेपर्यंत त्यावर कर नाही. ज्याला विकायची घाई नाही, त्याने तो तसाच मुलाबाळांना द्यावा. पूर्वी अशा वारशावर इस्टेट ड्यूटी होती, १९५३ पासून. ती १९८५ मध्ये रद्द झाली. संपत्ती कर १९५७ मध्ये आला, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. साबणाच्या वडीवर, बुटांवर, खताच्या पोत्यावर कर आहे. दोन-चारशे कोटींच्या वारशावर नाही.

संपत्ती कर रद्द करणाऱ्यांची बाजूही खरी आहे. २०१३-१४ मध्ये त्यातून जेमतेम हजार कोटी जमले. गोळा करण्याची यातायात मोठी, पळवाटा भरपूर, आणि त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के अधिभार वाढवला गेला. पण अधिभार उत्पन्नावर लागतो. थांबलेल्या डोंगराला तो शिवत नाही. चाळणीला भोके आहेत म्हणून चाळणी फेकून दिली; भोके बुजवायचा विचार झाला नाही, याचे मला दुःख आहे.

आपल्याकडच्या वारशाचे काय होते तेही बघा. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आले. तीन भावांत वाटणी झाली की एक-एक एकर. जमीन वाटली की लहान होते आणि लहान झाली की थांबण्याची ताकद आणखी कमी होते. ‘समृद्धी’ महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला, आणि ते रास्तच होते. पण त्याच रानात निंदायला-खुरपायला जाणाऱ्या बायांची रोजंदारी त्या जमिनीवर चालत होती. त्यांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. मोठा रस्ता आला की जागेचे भाव वाढतात, पण ती वाढ जागा धरून ठेवणाऱ्याच्या पदरात पडते. लग्नासाठी, दवाखान्यासाठी आधीच विकून बसलेल्याच्या नाही.

कोणी म्हणेल, सगळेच पुढे गेले ना? गेले. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली त्यांच्या नातवाच्या हातात आज मोबाइल आहे, दारात मोटारसायकल आहे. उपाशी झोपणारे कमी झाले, हे मी मनापासून मान्य करतो आणि त्याचा मला आनंद आहे. पण केंद्राने २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष पॅकेज दिले ते विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांना, त्यांत आपला बुलडाणा होता. मोबाइल हातात असलेला माणूसही कर्जाच्या तारखेपुढे एकटा पडतो.

मग या घाईला लगाम घालता येतो का? येतो. आपल्या लोकांनी तो घातला आहे आणि म्हणून मी निराश नाही.

जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे घ्या, मग वर्षे कितीही लोटोत. विचार करा, हा नियम काय सांगतो? की काळ सावकाराच्या बाजूने अमर्याद काम करणार नाही, एका जागी त्याला थांबावे लागेल. सावकारांनी त्यावर तोड काढली: दुप्पट व्हायच्या आत व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घ्यायचा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, नंतर ते लोण नगरकडे पसरले, तेव्हा त्यांनी मुख्यतः एकच मागितले आणि जाळले: रोखे आणि खतपत्रे. माणसे मारली नाहीत. आपल्याला कोण बांधून ठेवते ते त्यांना नेमके कळले होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ही मर्यादा आहे. तुमच्यापैकी किती जणांना ती माहीत आहे?

दुसरा लगाम रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात कामे निघाली, वि. स. पागे यांनी कल्पना लावून धरली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम. त्याचे पैसे कुठून आले? शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला आणि तो या कामांसाठी राखला गेला, त्यात राज्याने आपली भर घातली. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले काही रुपये कापून बुलडाण्याच्या बांधावर आले. पुढे देशाने २००५ मध्ये हाच धडा गिरवला. मला या योजनेत रस्ते-तलावांपेक्षा मोठे वाटते ते हे, की सरकारी काम हाताशी असले की मजूर बाई मालकाला म्हणू शकते, “या रोजात नाही येत.” ती थांबू शकते. योजनेत खोट्या हजेरीपत्रकांचे गैरप्रकार झाले, पैसे महिनोन्‌महिने अडकले. मजुरी उशिरा देणारी हमी घाई संपवत नाही, घाईत भर घालते. त्याविरुद्ध जितके भांडाल तितके थोडे.

तिसरी गोष्ट अगदी तुमच्या हातातली. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. उधारी भागते, दिवाळी होते आणि माल आपलाच राहतो. भाव वाढेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, न वाढल्यास व्याज अंगावर येते. तरी विकायचा दिवस आपण ठरवतो. ही योजना कागदावर सुंदर आहे. गोदाम जवळ नसेल, एकट्या-दुकट्याचा पाच पोत्यांचा माल घेतला जात नसेल, तर ती पुन्हा मोठ्या शेतकऱ्याचीच होते. म्हणून गावाने एकत्र माल न्यावा, सोसायटीने पुढाकार घ्यावा, आणि येत्या ग्रामसभेत साखरखेर्ड्यासाठी गोदामाचा ठराव करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेवटचे बोलणे मागे उभ्या असलेल्या मुलामुलींशी. बारावीनंतर एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा परीक्षा देणारी मुले तुम्ही पाहता. लातूर-संभाजीनगर-पुण्याला खोली, मेस, क्लास. ज्या घराला ते वर्ष परवडते त्या घरातल्या मुलाला दुसरी संधी मिळते, तिसरी मिळते. ज्या घराला परवडत नाही तिथली मुलगी पहिल्या प्रयत्नात चार गुणांनी राहिली की तिचे लग्न ठरते, मुलगा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागतो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांचे विद्यार्थी इथे मोठ्या संख्येने बसले आहेत आणि त्यांतले कित्येक आज नोकरीत, व्यवसायात स्थिरावले आहेत. दरवर्षी गुणवत्ता यादीतल्या पहिल्या तिघांना पारितोषिक देता, ते चालू ठेवा. त्याबरोबर या गावातल्या अशा एका मुलीचा, जी थोडक्यात राहिली आहे, एक वर्षाचा खोली-मेस-क्लासचा खर्च स्मृतिनिधीतून उचला. माझे या व्याख्यानाचे मानधन त्या निधीत पहिले जमा करून घ्यावे आणि पावती आजच फाडावी, एवढे मी आयोजकांना सांगतो.